सी अर्चिनच्या डिंभात जनुके केव्हा आणि कुठे जागी होतात: अंडी मिळवण्यापासून निष्कर्ष काढण्यापर्यंत

सी अर्चिन या काटेरी, गोलसर समुद्री प्राण्याच्या आयुष्याचे दोन भाग एकमेकांशी इतके विसंगत आहेत की ते एकाच प्राण्याचे आहेत हे पटायला वेळ लागतो. अंड्यापासून आधी घडणारा प्लुटिअस डिंभ, म्हणजे त्याची बाल्यावस्था, डावा-उजवा सममित असतो. हात पसरून पाण्यात तरंगत तो सूक्ष्म शैवाल खातो. काही आठवड्यांनी त्याच्या डाव्या कुशीत पंचकोनी बांधणीचा एक नवाच प्राणी घडू लागतो आणि रूपांतरणाच्या वेळी डिंभाचे बरेचसे शरीर मोडीत निघते. दोन्ही शरीरांचा जनुकसंच एकच. फरक असतो तो कोणते जनुक केव्हा आणि कुठे वापरले जाते यात. डिंभावस्था कशी उत्क्रांत झाली, या प्रश्नाचा माग याच 'केव्हा' आणि 'कुठे'मधून काढता येतो.

हा लेख त्यातल्या एका नेमक्या प्रश्नासाठी आहे: प्लुटिअसचा सांगाडा आला कुठून? पद्धत आहे इन सिटू संकरण: जनुकाच्या आरएनएला नेमका चिकटणारा, खूण लावलेला तुकडा (प्रोब) स्थिर केलेल्या भ्रूणात सोडायचा आणि तो चिकटेल तिथे रंग उमटवायचा, म्हणजे जनुक कुठे चालू आहे ते दिसते. रेण्वीय जीवशास्त्राची प्राथमिक साधने असलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हे काम होऊ शकते. मात्र समुद्राचे पाणी चांगले हवे आणि घाई करून चालत नाही.

आधी प्रश्न, मग जनुके

कंटकचर्मी प्राण्यांच्या पाच गटांपैकी सी अर्चिन आणि ब्रिटल स्टार या दोनच गटांच्या डिंभांत लांब काड्यांचा, पूर्ण वाढलेला कॅल्साइटचा सांगाडा असतो. तारामाशाच्या डिंभात तो नसतो. प्रौढ सांगाडा मात्र तारामाशालाही असतो. म्हणजे प्रौढाचा सांगाडा जुना आणि डिंभाचा नंतर आलेला, असा अंदाज बांधता येतो. तो तपासायला चार जनुके पुरतात.

अ‍ॅल्क्स१ हे नियामक जनुक सांगाडा घडवणाऱ्या पेशींची ओळख ठरवते. एसएम५० आणि एमएसपी१३० ही प्रत्यक्ष बांधकामाची जनुके आहेत. चौथे व्हीईजीएफआर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा संकेतग्राहक. तारामाशात अ‍ॅल्क्स१ आणि व्हीईजीएफआर दोन्ही प्रौढ सांगाड्याच्या जागी दिसतात, पण तारामाशाच्या भ्रूणात व्हीईजीएफआर दिसत नाही. सी अर्चिन आणि ब्रिटल स्टारच्या भ्रूणात दिसते. प्रौढाची यंत्रणा आधीच्या अवस्थेत ओढून घेतली गेली, या मताचा हाच भक्कम आधार आहे.

पाचवे जनुक म्हणून एन्डो१६ ठेवा. ते भ्रूणाच्या पचननलिकेत उमटते. आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, पण पद्धत नीट चालली की नाही हे तेच सांगते.

जात कोणती निवडावी

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील जांभळ्या स्ट्राँगिलोसेंट्रोटस पर्प्युरॅटसचा जीनोम २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या जनुकांचे क्रम इकायनोबेस या संकेतस्थळावर मोफत मिळतात. भूमध्य समुद्रातल्या पॅरासेंट्रोटस लिव्हिडसवरही भरपूर काम झाले आहे. उत्क्रांतीच्या दृष्टीने सर्वांत बोलकी जोडी मात्र ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर सापडते. हेलिओसिडॅरिस ट्युबरक्युलाटाचे अंडे साधारण ९५ मायक्रोमीटरचे असते. त्याचा डिंभ नेहमीसारखा प्लुटिअस होतो आणि त्याच्या रूपांतरणाला काही आठवडे लागतात. हेलिओसिडॅरिस एरिथ्रोग्रामाचे अंडे सुमारे ४०० मायक्रोमीटरचे असते. त्याचा डिंभ काहीच खात नाही आणि साधारण ४ दिवसांत छोटा सी अर्चिन होतो. या दोन जाती वेगळ्या होऊन जेमतेम ४० ते ५० लाख वर्षे झाली आहेत. उत्क्रांतीच्या मोजमापात हा काळ थोडाच.

फक्त दोन जातींची तुलना केली तर फरक दिसतो, पण कोणती जात बदलली ते कळत नाही. त्यासाठी दोघींपासून दूरची तिसरी जात लागते. हेलिओसिडॅरिसच्या जोडीसोबत अमेरिकेतला लायटेकायनस व्हेरिएगेटस अशाच कामासाठी वापरला गेला आहे. जात निवडतानाच हे ठरवा. नंतर तिसरी जात जोडायला गेलात तर सगळे तापमान-वेळापत्रक पुन्हा मांडावे लागते.

कोकण किंवा गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावरून प्राणी आणायचे असतील तर दोन गोष्टी पाहा. पहिली, परवानगी. सी अर्चिनच्या शेजारीच राहणाऱ्या समुद्री काकड्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. गोळा करताना त्यांना हात लावू नका आणि सी अर्चिनसाठीही वन विभाग व संबंधित संस्थेची लेखी संमती आधी घ्या. दुसरी, पाणी. पावसाळ्यात खाड्यांच्या तोंडाशी क्षारता झपाट्याने उतरते आणि पाणी गढूळ होते. डिंभ वाढवायला हजारी ३२ ते ३५ क्षारता लागते. पावसाळ्यानंतर भरपूर पाणी भरून, ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून ठेवणे हाच खात्रीचा मार्ग. प्रत्येक डबा वापरण्याआधी रिफ्रॅक्टोमीटरने तपासा.

अंडी आणि शुक्राणू मिळवणे

०.५ मोलर पोटॅशियम क्लोराइड तयार करा. प्राणी उलटा धरला की दातांच्या भोवती मऊ पडदा दिसतो. त्यातून बारीक सुईने दोन वेगवेगळ्या ठिकाणी मिळून ०.५ ते १ मिलिलिटर द्रावण आत सोडा आणि प्राणी हलकेच फिरवा. एक-दोन मिनिटांत वरच्या बाजूच्या पाच छिद्रांतून स्राव येऊ लागतो. बहुतेक जातींत पांढरा दुधी स्राव नराचा आणि पिवळसर किंवा नारिंगी मादीचा असतो. पाच-सात मिनिटांत काहीच आले नाही तर आणखी एकदाच टोचा. तरीही आले नाही तर हंगाम संपलेला आहे असे समजून प्राणी परत टाकीत सोडा.

मादी पाण्याने काठोकाठ भरलेल्या बीकरवर पालथी ठेवा. छिद्रे पाण्याला टेकली पाहिजेत. नराचा स्राव मात्र पाणी लागू न देता, कोरडाच, पिपेटने उचलून बर्फावर ठेवा. कोरडे शुक्राणू ४ अंश सेल्सिअसला काही दिवस टिकतात. पाण्यात पडले की धावू लागतात आणि थोड्याच वेळात थकतात, म्हणून विरलन अगदी ऐनवेळी करा.

अंडी तळाशी बसू द्या, वरचे पाणी ओता आणि नवे पाणी घाला. असे तीनदा करा. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघा. अंडी गोल आणि एकसारखी हवीत. आत मोठे पारदर्शक केंद्रक दिसणारी कच्ची अंडी फार असतील तर ती मादी सोडून द्या. २ मायक्रोलिटर कोरडे शुक्राणू १० मिलिलिटर पाण्यात मिसळा आणि त्याचे काही थेंब अंड्यांच्या भांड्यात टाका. दोन मिनिटांत अंड्याभोवती फलन-आवरण उठते. १०० अंडी मोजा. ९५ पेक्षा कमी अंड्यांवर आवरण दिसले तर ती तुकडी तुलनेसाठी वापरू नका.

शुक्राणू जास्त झाले तर एका अंड्यात अनेक शिरतात. पहिल्या विभाजनात दोनऐवजी चार वेडेवाकडे तुकडे दिसले की ते ओळखावे. असे भ्रूण पुढे ब्लास्ट्युलापर्यंत (पोकळ चेंडूसारख्या अवस्थेपर्यंत) जातात, पोहतातही, पण त्यांच्यातली अभिव्यक्ती, म्हणजे जनुक चालू असल्याची खूण, भलतीकडे उमटते. म्हणून पहिले विभाजन न पाहता भ्रूण पुढे नेऊ नका. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि ती चुकली तर पुढचे तीन आठवडे वाया जातात.

डिंभ वाढवणे

पर्प्युरॅटस १५ अंशांना ठेवा. साधारण २४ तासांत सांगाड्याच्या पेशी आत उतरतात, ३६ ते ४८ तासांत गॅस्ट्रुला (पचननलिका आत वळू लागलेला भ्रूण) होतो आणि ७२ तासांच्या आसपास चार हातांचा प्लुटिअस दिसतो. लिव्हिडसला १८ अंश मानवतात आणि तो ४८ तासांत तिथवर पोहोचतो. उष्ण कटिबंधातल्या जाती याहूनही वेगाने वाढतात.

उबवणीनंतर वर पोहणारे भ्रूण नव्या पाण्यात घ्या आणि तळातला गाळ टाकून द्या. खाऊ लागलेले डिंभ मिलिलिटरला १ ते ३ पेक्षा दाट ठेवू नका. दाटी झाली की हात आखूड राहतात, वाढ रेंगाळते आणि तुमचा 'उशीर' उत्क्रांतीचा नसून गर्दीचा ठरतो. खाद्य म्हणून ऱ्होडोमोनास शैवाल मिलिलिटरला ३,००० ते ५,००० पेशी, किंवा डुनालिएला त्याहून थोडे जास्त द्या. जास्त खाद्यही घातकच, कारण न खाल्लेल्या शैवालावर जिवाणू वाढतात. दर दोन-तीन दिवसांनी ६० मायक्रोमीटरच्या जाळीच्या आतून पाणी काढून घ्या, म्हणजे डिंभ जाळीबाहेर भांड्यातच राहतात. भांड्यात सावकाश फिरणारे वल्हे हवे. हवेचे बुडबुडे सोडू नका, त्यांनी हात मोडतात.

नमुना तासांवर नव्हे, अवस्थेवर घ्या

या सगळ्या कामातली मोठी चूक इथे होते. '४८ तासांचा डिंभ' हे दोन जातींत किंवा दोन तापमानांत एकच नसते. आधी खुणा ठरवा: आवरणातून बाहेर पडणे, सांगाड्याच्या पेशी आत उतरणे, पचननलिकेचा खळगा, तोंड उघडणे, चार हात, डाव्या बाजूची जलपिशवी (जिच्यापासून प्रौढाची जलनलिका घडते) बाह्यस्तराला टेकणे, पाच नलिकापादांचे (प्रौढाच्या नळीसारख्या पायांचे) कोंब आणि शेवटी रूपांतरणाची तयारी. प्रत्येक खुणेला ५० डिंभ मोजा. ८० टक्के त्या अवस्थेत आले की नमुना घ्या. तास फक्त नोंदीत लिहा.

एरिथ्रोग्रामासारख्या न खाणाऱ्या डिंभात मधल्या काही खुणा गळूनच पडलेल्या असतात. तिथे खुणा ओढूनताणून जुळवू नका. दोन स्वतंत्र रांगा मांडा आणि दोघांत खात्रीने सापडणाऱ्या खुणाच जोडा, उदाहरणार्थ जलपिशवी किंवा नलिकापाद.

स्थिरीकरण

१० मिलिलिटर स्थिरीकारक असे करा: १६ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड २.५ मिलि, गाळलेले समुद्रजल ३.२५ मिलि, १ मोलर मॉप्स (पीएच स्थिर ठेवणारे रसायन, पीएच ७) ०.३२५ मिलि, ५ मोलर सोडियम क्लोराइड ०.३२५ मिलि, शुद्ध पाणी ३.६ मिलि. त्याच दिवशी करा, त्याच दिवशी वापरा. धुराच्या कपाटातच हाताळा.

पोहणारे प्लुटिअस बर्फावर ठेवले की खाली बसतात. त्यांना सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवू नका. स्थिरीकारक घालून ४ अंशांना रात्रभर ठेवा. नंतर मॉप्स धुण्याच्या द्रावणाने पाच वेळा धुवा. त्या द्रावणाचे ५०० मिलि असे होतात: १ मोलर मॉप्स ५० मिलि, ५ मोलर सोडियम क्लोराइड ५० मिलि, २० टक्के ट्वीन-२० चे २.५ मिलि आणि बाकी पाणी. लगेच वापरायचे नसतील तर ७० टक्के इथेनॉलमध्ये उणे २० अंशांना ठेवा.

या पीएचला बारीक कॅल्साइट काड्या विरघळू शकतात. आरएनए पाहायला त्याने बिघडत नाही. पण त्याच तुकडीतल्या काड्याही मोजायच्या असतील तर काही डिंभ स्थिरीकरणाआधीच जिवंत असताना ध्रुवित प्रकाशात पाहून छायाचित्रे घ्या.

प्रोब

त्याच जातीच्या भ्रूणांतून आरएनए काढा आणि सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) करून जनुकाचा ८०० ते १,२०० क्षारकांचा तुकडा वाढवा. उलट दिशेच्या प्रायमरच्या सुरुवातीला टी७ प्रवर्तकाचा क्रम जोडा, म्हणजे टी७ पॉलिमरेज थेट प्रतिअर्थी, म्हणजे जनुकाच्या आरएनएला जुळून चिकटणारा, आरएनए बनवते. त्यात डिगॉक्सिजेनिन (पुढे प्रतिपिंडाने ओळखता येणारी खूण) लावलेले युरिडीन मिसळा. ३७ अंशांना २ तास, मग डीएनेज, मग लिथियम क्लोराइडने अवक्षेपण. जेलवर एकच स्वच्छ पट्टी दिसली पाहिजे. खाली धुरकट पसरट डाग म्हणजे आरएनए तुटला. तसा प्रोब सगळ्या डिंभाला फिकट जांभळा करून सोडतो.

परजातीचा प्रोब वापरायचा मोह होतो, विशेषतः एमएसपी१३० सारख्या जनुकासाठी. तो टाळा. रंग उमटला नाही तर जनुक गप्प आहे की प्रोब जुळला नाही हे सांगता येत नाही, आणि उत्क्रांतीच्या प्रश्नात हा फरकच सगळे काही असतो.

संकरण आणि रंग

संकरण द्रावण, १० मिलि: फॉर्मअमाइड ७ मिलि, १ मोलर मॉप्स १ मिलि, ५ मोलर सोडियम क्लोराइड १ मिलि, बीएसए (गाईच्या सीरममधले प्रथिन) १० मिलिग्रॅम, २० टक्के ट्वीन-२० चे ५० मायक्रोलिटर, उरलेले पाणी. फॉर्मअमाइड गर्भाला घातक आहे. हातमोजे घाला, आणि गर्भवती सहकाऱ्याला हे काम देऊ नका.

१. भ्रूण धुण्याच्या द्रावणातून संकरण द्रावणात टप्प्याटप्प्याने न्या: आधी दोनास एक, मग एकास दोन, प्रत्येकी २० मिनिटे. मग निव्वळ संकरण द्रावणात ५० अंशांना किमान १ तास.

२. प्रोब मायक्रोलिटरला ०.१ नॅनोग्रॅम या प्रमाणात घाला. ५० अंशांना ठेवा. अ‍ॅल्क्स१ सारख्या कमी प्रमाणातल्या जनुकाला एक आठवडा लागतो. झाकणे घट्ट लावा, द्रावण आटले की भ्रूण भिंतीला चिकटून वाळतात.

३. मॉप्स द्रावणाने पाच वेळा धुवा, मग प्रोबविना संकरण द्रावणात ५० अंशांना ३ तास, पुन्हा मॉप्सने तीनदा. पार्श्वभूमी गडद येते ती बहुधा हे ३ तास कापल्यामुळे.

४. आधी मॉप्समध्ये मिलिलिटरला १० मिलिग्रॅम बीएसए, २० मिनिटे. मग १० टक्के बकरीचे सीरम ३७ अंशांना ३० मिनिटे. त्यानंतर अल्कलाइन फॉस्फेटेज जोडलेले डिगॉक्सिजेनिनविरोधी प्रतिपिंड १,५०० पट विरल करून रात्रभर.

५. पाच वेळा धुऊन पीएच ९.५ च्या ट्रिस द्रावणात आणा (ट्रिस व सोडियम क्लोराइड प्रत्येकी १०० मिलिमोलर, मॅग्नेशियम क्लोराइड ५० मिलिमोलर, लेव्हामिसोल १ मिलिमोलर). एनबीटी-बीसीआयपी (फॉस्फेटेजमुळे जांभळा रंग देणारी रसायने) घालून अंधारात ठेवा. पहिला तास दर १० मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने पाहा. हवा तसा रंग आला की मॉप्सने धुऊन थांबवा आणि ७० टक्के ग्लिसरॉलमध्ये बसवा.

ज्या दोन जातींची किंवा अवस्थांची तुलना करायची, त्यांचा रंग एकाच वेळी चालू करून एकाच वेळी थांबवा.

जे बिघडते आणि का

प्लुटिअसच्या पचननलिकेत स्वतःचेच अल्कलाइन फॉस्फेटेज भरपूर असते. लेव्हामिसोल घालूनही थोडे उरले तर पोट जांभळे होते आणि 'जनुक पचननलिकेतही उमटते' असा सुंदर पण खोटा निष्कर्ष निघतो. म्हणून प्रत्येक अवस्थेची एक नळी प्रोबविना चालवा. अर्थदर्शी प्रोबचे (जनुकाच्या आरएनएला न चिकटणाऱ्या, उलट क्रमाच्या प्रोबचे) नियंत्रण लोक हटकून ठेवतात. ते ठेवावे, पण एन्डो१६ आणि एसएम५० ची ओळखीची नक्षी बरोबर उमटणे हे त्याहून मोठे प्रमाणपत्र.

मोठ्या अंड्यांच्या जातीत स्निग्धांश इतका असतो की डिंभ अपारदर्शक राहतो आणि आतला रंग दिसतच नाही. इथेनॉलने निर्जल करून बेंझिल अल्कोहोल व बेंझिल बेंझोएट एकास दोन प्रमाणात वापरून त्याला पारदर्शक करा. हे न करता 'आत काही नाही' असे लिहिणे ही तुलनात्मक कामातली फार सहज होणारी चूक आहे.

उशिराच्या डिंभात पोकळ्यांमध्ये रंग साचतो. खरी अभिव्यक्ती पेशीच्या केंद्रकाभोवती कड्यासारखी दिसते, साचलेला रंग सपाट आणि काठाशी दाट असतो. शंका आली तर त्याच नमुन्याचा क्यूपीसीआर (आरएनएचे प्रमाण मोजणारी चाचणी) करा: प्रत्येक नळीत किमान २०० भ्रूण, तीन वेगवेगळ्या मादींच्या तुकड्या. एकाच मादीचे तीन भाग म्हणजे तीन पुनरावृत्त्या नव्हेत. तुलनेचा आधार (संदर्भ जनुक) म्हणून युबिक्विटिन भ्रूणात चालते, पण खाणाऱ्या डिंभात ते स्थिर राहते का हे आधी स्वतंत्रपणे तपासा.

दिसले ते कसे वाचावे

अ‍ॅल्क्स१ भ्रूणातल्या सांगाड्याच्या पेशींत आणि पुढे प्रौढाच्या कोंबात, म्हणजे डाव्या कुशीत घडणाऱ्या नव्या शरीरात, दोन्हीकडे मिळेल. यावरून 'दोन्ही सांगाडे एकच' असे म्हणू नका. जनुक तेच, पण त्याला चालू करणारा आधीचा दुवा वेगळा असू शकतो. भ्रूणात ती सुरुवात १६ पेशींच्या अवस्थेतल्या चार सूक्ष्म पेशींपासून होते, प्रौढाच्या कोंबात अशा पेशी नसतातच.

दुसरा सापळा साधर्म्याचा. ब्रिटल स्टार आणि सी अर्चिन यांचे डिंभ दिसायला सारखे आणि व्हीईजीएफआरही दोघांत भ्रूणात. पण रेण्वीय पुराव्यानुसार ब्रिटल स्टार तारामाशाचा जवळचा नातेवाईक आहे. म्हणजे प्रौढाची यंत्रणा भ्रूणात ओढून घेणे दोन वंशांत स्वतंत्रपणे घडले असण्याचीच शक्यता जास्त. वंशवृक्ष शेजारी ठेवल्याशिवाय अभिव्यक्तीचे चित्र वाचू नये ते याचसाठी.

'केव्हा'चे महत्त्व हॉक्स जनुके, म्हणजे शरीराच्या पुढून मागेपर्यंतच्या भागांची ओळख ठरवणारी जनुके, आणखी स्पष्ट करतात. पर्प्युरॅटसमध्ये ११ हॉक्स जनुके आहेत, पण भ्रूणात त्यांतली दोनच ठळकपणे वापरली जातात. मागच्या टोकाची पाच पुढे प्रौढाच्या कोंबाजवळच्या देहपोकळीत रांगेने उमटतात. शायझोकार्डियम या किड्यासारख्या समुद्री प्राण्याचा (हेमिकॉर्डेटचा) डिंभ जवळजवळ निव्वळ 'पोहणारे डोके' असतो आणि धडाची जनुके उशिरा जागी होतात, हे २०१७ मध्ये दाखवले गेले. ओवेनिया या वलयी कृमीतही धडाची जनुके डिंभावस्थेनंतरच चालू होतात, तर न खाणारा डिंभ असलेल्या कॅपिटेला या दुसऱ्या वलयी कृमीत लवकर, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या दूरच्या वंशांत धडाचा कार्यक्रम पुढे-मागे सरकवून डिंभ घडतो, म्हणून तुमच्या नोंदवहीत प्रत्येक जनुकापुढे 'पहिल्यांदा कोणत्या खुणेला दिसले' हा रकाना असायलाच हवा.

अभिव्यक्ती दिसली म्हणजे त्या जनुकाचे तिथे काम आहे हे सिद्ध होत नाही. व्हीईजीएफआरसाठी ते तपासणे तुलनेने सोपे आहे. अ‍ॅक्सिटिनिब हा अवरोधक (संकेतग्राहक बंद पाडणारे औषध) डीएमएसओ या द्रावकात विरघळवून नॅनोमोलर पट्ट्यात चार-पाच मात्रा लावा, तेवढेच डीएमएसओ असलेली नियंत्रण तुकडी शेजारी ठेवा, आणि एक तुकडी फलनानंतर लगेच तर दुसरी चार हात फुटल्यावर औषधात घाला. पहिल्या तुकडीत डिंभाच्या काड्या अडल्या पाहिजेत. दुसरीत जलपिशवी बाह्यस्तराला टेकल्यानंतर कोंबातल्या काट्यांकडे ध्रुवित प्रकाशात लक्ष ठेवा, आणि दोन्ही तुकड्यांतून अ‍ॅल्क्स१ व एसएम५० साठी नमुने त्याच खुणांना काढा.